वन्संची पाठ

लोखंडी पलंग जिन्याच्या वळणावरच अडकला.

रविवारी दुपारी भट्टी थंड होते आणि बेकरीतली माणसं मोकळी असतात, म्हणून थोरल्याने नेमकी ती वेळ साधली होती. चौघांनी मिळून पलंग उचलला, वळणावर त्याचा एक पाय कठड्याच्या गजांत घुसला, आणि आता तो ना वर येत होता ना खाली जात होता. आत्या वरच्या दारात उभी राहून बघत होती. पाठीच्या बाकामुळे तिला माणसांच्या तोंडांपेक्षा पायच जास्त दिसायचे. त्यामुळे तिच्या वाट्याला आले ते चार जोड बूट आणि थोरल्याच्या, मैद्याने पांढऱ्या झालेल्या चपला.

"तिरका करा. अरे माझ्याकडे नाही, भिंतीकडे," थोरला सांगत होता.

पलंग दवाखान्यातल्यासारखा होता. दोन्ही बाजूंना वर-खाली होणाऱ्या दांड्या, पायाशी फिरवायची किल्ली. आईला एकदा त्यात निजवलं आणि दांड्या वर केल्या की ती पडायची नाही, पडली नाही की मोडायची नाही, असा थोरल्याचा सरळ हिशेब होता. दिवसभरासाठी एक बाई ठरवली होती. आईने पाय जमिनीला लावायचा नाही, हेही त्याने ठरवून टाकलं होतं. आईला तेवढं अजून सांगायचं राहिलं होतं.

वहिनी, म्हणजे थोरल्याची आई आणि आत्याच्या दिवंगत भावाची बायको, कालच इस्पितळातून घरी आली होती. न्हाणीघरात टॉवेल घ्यायला वळली, तोल गेला आणि उजव्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. आत सळई घालावी लागली. त्याआधीच्या वर्षी दुकानाच्या उंबऱ्यापाशी घसरून मनगट मोडलं होतं. ते प्लास्टरमध्ये जुळलं, हात पुन्हा गल्ल्यावर चालू लागला आणि सगळे ते विसरून गेले होते. खुब्याच्या बाबतीत विसरायची सोय नव्हती. घरात शिरल्यापासून वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि ज्या बाईच्या आवाजाने बेकरीतले कामगार झटपट हात धुवायचे, ती कालपासून पाण्याशिवाय दुसरं काही मागत नव्हती.

"पलंग राहू दे तिथेच," धाकटी म्हणाली. "आईला मी घेऊन जाते."

धाकटी ही थोरल्याची बहीण. विमा कंपनीत नोकरीला, आणि जगात कुठे काय बिघडू शकतं याचा विचार करण्याचाच तिला पगार मिळायचा. ती सकाळच्या गाडीने आली होती. वडील गेल्यावर बेकरी विकायची की चालवायची यावरून भावाबहिणीत जे वाजलं, तेव्हापासून त्यांच्यात 'पोचलीस का' आणि 'निघालीस का' एवढंच बोलणं उरलं होतं.

"माझ्याकडे लिफ्ट आहे," ती म्हणाली.

"लिफ्ट आहे, माणूस नाही. सकाळी कुलूप लावून तू कामाला जाणार. आई काय लिफ्टशी गप्पा मारणार?"

"आणि तू तिला पिंजऱ्यात ठेवणार."

"दांड्या आहेत त्या. इस्पितळातही होत्या."

"म्हणून तर तिथून घरी आणलं ना तिला?"

"चहा टाकू का सगळ्यांना?" सून म्हणाली. थोरल्याची बायको बेकरीतले केक सजवायची. तिचा हात साखरेच्या पाकळ्यांना सरावलेला होता, जीभही तशीच. या घरात तिने चहा विचारला म्हणजे आता पुरे, असा त्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा. या वेळी मात्र कोणाला कळला नाही, किंवा कळूनही कोणी ऐकलं नाही.

"इथे काय कमी आहे तिला?" थोरला म्हणाला. "खाली मी आहे, वर ही आहे. शिवाय आत्या आहेच."

'आत्या आहेच' हे शब्द आत्याने इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकले होते की तिला त्यांचा राग येणंही बंद झालं होतं. भिंतीतल्या कपाटाबद्दल माणसं असंच बोलतात. नवरा गेल्यावर ती ऐन तारुण्यात या घरी परत आली, तेव्हा भावाने तिला भट्टीवर उभं केलं आणि बायकोला गल्ल्यावर. तीच वाटणी पुढे आयुष्यभर राहिली. वहिनीने विकायचं, वन्संनी भाजायचं. दोघींमध्ये एक भिंत आणि पावाचे ट्रे सरकवायची खिडकी. त्या खिडकीतून रोज शेकडो पाव पलीकडे गेले, पण दोघींचं बोलणं 'आणखी आहेत का' आणि 'येतायत' याच्या फारसं पलीकडे गेलं नाही. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. एका घरातल्या दोन शहाण्या बायका एकमेकींच्या पायात येणार नाहीत अशा बेताने वावरत होत्या, इतकंच.

आणि आता धाकटी वहिनीला घेऊन गेली, तर वरच्या या मजल्यावर आत्या एकटी राहणार होती. ते कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आत्याने बोलून दाखवलं नाही. ती आपली टेबलावरचे धुतलेले कपडे घडी करत राहिली, कारण घडी करताना खाली बघितलेलं कोणाला वावगं वाटत नाही.

तेवढ्यात जिन्यातून कामगारांचा आवाज आला, "सांभाळून ताई, डोकं लागेल," आणि अडकलेल्या पलंगाच्या खालून वाकून एक बाई वर आल्या. पाठीवर पिशवी, पायात जाड तळाचे बूट, केसांना पलंगाच्या लोखंडाचा गंज लागलेला. इस्पितळाच्या हाडांच्या विभागातल्या सिस्टर. घरी सोडताना कोणीतरी येऊन घर बघून जाईल असं सांगितलं होतं, ते सगळे विसरून गेले होते.

"हा पलंग कोणासाठी?" त्यांनी श्वास घेत विचारलं.

"आईसाठी," थोरला म्हणाला.

"मग अडकला ते बरंच झालं," सिस्टर म्हणाल्या. "चला, आधी त्यांना भेटू."

वहिनीच्या खोलीत सगळे गोळा झाले. सिस्टरनी खुर्ची पलंगापाशी ओढली. "कसं वाटतंय, आजी?"

"मी तुमची आजी नाही," वहिनी भिंतीकडे बघूनच म्हणाली.

"मग काय म्हणू?"

"दुकानात सगळे वहिनीच म्हणतात."

"बरं, वहिनी. मागच्या वर्षी मनगट कसं मोडलं?"

"पाय घसरला. हात टेकला."

"किती उंचावरून पडलात?"

"उंचावरून कुठलं? उभीच होते."

"आणि या वेळी?"

"या वेळीही उभीच होते. वळले फक्त."

सिस्टरनी मान हलवली आणि बाकीच्यांकडे वळल्या. "माणूस उभ्या उभ्या पडला तर खरचटावं, सूज यावी, चार दिवस कण्हावं. हाड मोडायला नको. मोडलं म्हणजे ते आतून विरलेलं आहे. कापड जुनं झालं की बाहेरून दिसत नाही, पण हलक्या ओढीने फाटतं, तसं. मनगट मोडलं तेव्हाच हाडं सांगत होती."

"मग तेव्हा कोणी बोललं का नाही?" थोरल्याचा आवाज चढला. "प्लास्टर घातलं, काढलं, बोटं हलवून दाखवा म्हणाले आणि घरी पाठवलं."

"बोलायला हवं होतं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी कोणाची बाजू घेतली नाही. "हाड जोडणारे डॉक्टर वेगळे, ते का मोडलं हे बघणारे वेगळे, आणि मधल्यामधे माणूस घरी निघून जातो. मला आता त्या मधल्या जागेवरच नेमलंय. एकदा मोडलं की पुन्हा मोडायचा धोका वाढतो, आणि पहिल्या एक-दोन वर्षांत तो सगळ्यात जास्त असतो. खुबा मोडला ते आपण थांबवू शकलो नाही. पुढचं थांबवायचं आहे."

"तेच तर मी करतोय. तिला उठूच द्यायचं नाही."

"उठल्या नाहीत तर स्नायू जातील, हाडं आणखी पातळ होतील, आणि मग एक दिवस दांडी ओलांडून उतरायला जातील. दांडी ओलांडणारा माणूस आणखी उंचावरून पडतो."

भाऊ गप्प झाला की बहिणीने बोलायचं, ही त्यांची लहानपणापासूनची रीत. धाकटी म्हणाली, "डॉक्टरांनी सलाईनमधून द्यायच्या औषधाचं सांगितलंय, वर्षातून एकदा. मी विमा कंपनीत आहे, वाचलंय त्याबद्दल. त्याने जबड्याचं हाड सडतं."

"क्वचित होतं तसं. खोटं नाही. या आजारात देतात त्या मात्रेला फारच क्वचित. म्हणून आधी दाताच्या डॉक्टरांना दाखवायचं, हलणारा दात असेल तर तो काढून जखम भरू द्यायची, मग औषध. मूत्रपिंडाची तपासणी, ड जीवनसत्त्वाची तपासणी, हेही आधी. पण तुम्ही विम्यात आहात ना? मग दोन्ही बाजू मांडून बघा. एकीकडे तो जबडा, दुसरीकडे दुसरा खुबा."

धाकटीने खरंच मांडून बघितलं असावं, कारण तिने लगेच दाताच्या डॉक्टरांचा पत्ता विचारला.

सिस्टरनी उशाशी ठेवलेल्या गोळ्या उचलून पाहिल्या. झोपेच्या गोळीचं पाकीट त्यांनी बाजूला काढलं. नवरा गेल्यापासून वहिनी ती घेत होती. "ही घेऊन उठलं की गरगरतं का?"

"थोडंसं."

"ही हळूहळू कमी करायची, डॉक्टरांना विचारून. एकदम बंद नाही करायची. हा गालिचा कोणाचा?"

"माझा," वहिनी म्हणाली, आणि पहिल्यांदा भिंतीवरून तोंड फिरवलं. "तो राहील."

"त्याची कड उचललेली आहे."

"माझीही कड उचललेली आहे. म्हणून मला बाहेर काढणार का?"

सून हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. सिस्टरही हसल्या. पण इस्पितळातून आलेला वॉकर पुढे आणून त्यांनी, "चला, दोन मिनिटं उभ्या राहून बघू," म्हटल्याबरोबर वहिनीचा चेहरा कठोर झाला.

"नाही."

"मी धरते आहे."

"नाही म्हटलं ना. तुमचं सगळं ऐकलं मी. मला सुई नको, चालणं नको. मी उभी राहिले की पडते आणि पडले की मोडते. उभीच राहिले नाही तर भानगडच नाही. थोरल्या, तो पलंग आण वर."

थोरल्याने समजावलं. धाकटीने समजावलं. सूनही बोलली, आणि ती सहसा सासूला समजवायला जात नसे. शब्दागणिक वहिनी आणखी आत आत चालली होती. आत्याला, नेहमीप्रमाणे, तिचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होता तिचा हात, चादरीची कड मुठीत घट्ट धरलेला. गल्ल्यावर कोणी दांडगाई करायला आला तरी तो हात कधी असा आवळलेला आत्याने पाहिला नव्हता. हा हट्ट नाही, ही भीती आहे, एवढं तिला कळलं. काय करावं ते कळलं नाही, म्हणून तिने पाण्याचा पेला पुढे केला.

पेला वहिनीने घेतला. सिस्टर मात्र आत्याकडे बघत राहिल्या.

"तुम्ही यांच्या कोण?"

"नणंद."

"पाठ अशी कधीपासून आहे?"

"झाली वयाने," आत्या म्हणाली. "थोरल्याचा मुलगा मला स्वल्पविराम म्हणतो. म्हटलं, पूर्णविराम येईपर्यंत चालेल."

"पूर्वी उंच होता?"

आत्याला हसू आलं. "भट्टीवरच्या वरच्या फळीपर्यंत हात जायचा माझा. आता मधली फळीही लांब वाटते."

"कधी एकदम दुखली होती का पाठ? अशी की काही दिवस वळता येईना?"

"दुखायची की. एकदा मैद्याची गोण सरकवताना आतून काहीतरी कट्‌ झालं. महिनाभर नीट बसताही येत नव्हतं. मलम चोळलं, पट्टा बांधला, गेलं. मग पुन्हा एकदा ट्रे ओढताना. तेही गेलं."

"गेलं नाही," सिस्टर हलकेच म्हणाल्या. "फोटो काढल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण उंची कमी होते, बाक येतो, आणि असं दुखणं येऊन जातं, तेव्हा बहुतेकदा पाठीचा मणका मोडून दबलेला असतो. तेही मोडणंच. फक्त त्याला कोणी प्लास्टर घालत नाही, म्हणून कोणाला कळत नाही."

आत्याला विचित्र वाटलं. इतकी वर्षं आपण वाकलोय असं ती समजत होती. मोडलोय असं कधी मनातही आलं नव्हतं.

"थांबा," वहिनी म्हणाली. तिने पेला खाली ठेवला. "गोण सरकवताना म्हणजे कधी? आमचे हे गेले त्यानंतरचा हिवाळा ना, वन्सं?"

"असेल."

"असेल काय, तोच. मला आठवतंय पट्टा बांधलेला." वहिनी कोपरांवर जोर देऊन उठून बसायला लागली. सून धावली, तिला हाताने थोपवून वहिनी स्वतःच बसली. "त्या हिवाळ्यात हा थोरला नुकता भट्टीशी उभा राहायला शिकत होता. निम्मा माल करपवायचा. मी खाली बसून लोकांना सांगायचे, आमचे हे नसले तरी पाव तोच मिळेल. तो पाव काढत कोण होतं? मोडलेल्या मणक्याने ही बाई पहाटेपासून भट्टीशी वाकून उभी होती, म्हणून दुकान उघडं राहिलं." तिने मुलांकडे पाहिलं. "तुमची शिक्षणं, लग्नं, हे घर, सगळं त्या हिवाळ्यात बुडायचं होतं. ते या पाठीवर तरलं. आणि तुम्ही म्हणता, आत्या आहेच."

थोरल्याने मान खाली घातली. तो आत्याच्या दृष्टीच्या टप्प्यात आला तो असा.

"एका शब्दाने बोलला नाहीत, वन्सं."

"काय बोलायचं? पाठ सगळ्यांचीच दुखते. आणि तुम्ही तरी तेव्हा कुठे बोलत होतात? नवरा गेलेला, आणि दिवसभर गल्ल्यावर हसून बसायचात. तुम्ही बसायचात म्हणून मला उभं राहता यायचं."

हे आपण कधी बोलू असं आत्याला वाटलं नव्हतं. बोलून झालं तेव्हा तिलाच अवघडल्यासारखं झालं आणि तिने पेला उचलून पुन्हा होता तिथेच ठेवला.

"यांना औषध द्या," वहिनी सिस्टरना म्हणाली. "आधी यांना."

"आधी तपासणी. मग दोघींना देऊ," सिस्टर म्हणाल्या. "पण नुसत्या औषधाने भागत नाही. रोज व्यायाम लागतो, तोल सांभाळायचा सराव लागतो. एकटं माणूस चार दिवस करतं आणि सोडतं. घरात दोघी असल्या की एक दुसरीला सोडू देत नाही."

"वन्सं, घ्याल ना तुम्ही?"

आत्याने आयुष्यात कधी घासाघीस केली नव्हती. तो प्रांत गल्ल्यावरचा. पण आज तिला चादरीतली ती मूठ दिसली होती.

"तुम्ही उभ्या राहिलात तर घेईन," ती म्हणाली.

वहिनीने तिच्याकडे बराच वेळ रोखून बघितलं. समोरचं गिऱ्हाईक किती पाण्यात आहे ते जोखताना ती अशीच बघायची.

"आणा ते," ती शेवटी म्हणाली.

वॉकर आला. सिस्टर एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला. वहिनीने पाय खाली सोडले, डोळे मिटले, ओठ आत ओढले आणि उठली. ती वॉकर धरून उभी होती, आणि बाक आलेली आत्या तिच्या समोर. त्यामुळे वहिनीला खाली बघावं लागलं आणि आत्याला मान वर करावी लागली. दोघी कशाबशा एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या.

"झालं समाधान?" वहिनी म्हणाली. तिच्या कपाळावर घाम डवरला होता. "थोरल्या, तो पलंग जिथून आणलास तिथे पोचव. धाकटे, तू मला नेणार नाहीस. मी कुठे जात नाही, आणि वन्संना सोडून तर नाहीच. तुला आईची सेवा करायचीच असेल तर रजा काढ आणि इथे राहा."

"गालिच्याचं काय?" सिस्टरनी विचारलं.

"न्या. सगळंच एका दिवसात घेऊन जा माझं."

धाकटीने खरोखर रजा काढली. भाऊ-बहीण दुसऱ्या दिवशी एकत्र बाजारात गेले ते न्हाणीघरात भिंतीला लावायच्या दांड्या आणायला, आणि कोणती मजबूत यावरून दुकानातच त्यांचं जुंपलं. पण ते चांगलं भांडण होतं. परत आले ते दोघं हसतच, दुकानदाराच्या नकला करत. थोरल्याने जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घेतला. सुनेने वहिनीच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत छोटे दिवे लावले. दोघींसाठी मागून बंद असलेल्या, न घसरणाऱ्या चपला आल्या. वहिनीने त्यांना होड्या असं नाव दिलं आणि मुकाट्याने त्या घातल्या.

फोटोत आत्याचे तीन मणके दबलेले निघाले. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवले, तेव्हा थोरला तिच्या शेजारी उभा होता. त्या दिवसापासून भट्टीच्या वरच्या फळीवरचं सामान खाली आलं, आणि आत्या भट्टीपाशी दिसली की तो हातातलं काम टाकून आधी तिच्यासाठी खुर्ची आणायचा. तिला वाकून उचलायला बंदी झाली. सुरुवातीला तिला ते आवडलं नाही. मग हळूहळू आवडायला लागलं आणि त्याची लाज वाटली. मग लाजही गेली.

वहिनीची एक दाढ काढावी लागली. जखम भरल्यावर दोघींना एकाच दिवशी सलाईन लावलं, शेजारी शेजारी खुर्च्यांवर. सुई टोचताना वहिनीने आत्याला मोठ्याने एक गोष्ट सांगायला घेतली, एका गिऱ्हाइकाने कसा शिळा पाव म्हणून ताजा पाव परत केला त्याची. इतकी वर्षं भिंतीच्या पलीकडे असल्याने आत्याने ती कधी ऐकली नव्हती. गोष्ट संपेपर्यंत बाटली संपत आली. दुसऱ्या दिवशी दोघींना ताप आला, अंग ठणकलं. सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कोणी घाबरलं नाही. सुनेने दोघींना एका खोलीत निजवलं, गोळी दिली, पेज भरवली. "मला तर तुम्ही दोघी म्हणजे एकच मोठी सासू झालायत," ती म्हणाली. वहिनीने तापातही तिला धन्यवाद म्हटलं. सून इतकी चकित झाली की थर्मामीटर झटकून पुन्हा लावायला निघाली.

मग व्यायाम. सकाळचा माल निघाला की स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून दोघी उभ्या राहायच्या. टाचा उचलायच्या, टेकवायच्या. एका पायावर उभं राहायचं. खुर्चीतून हात न टेकता उठायचं. वहिनी मोजायची आणि आकडे खायची, आत्या तिला पकडायची. झोपेची गोळी अर्धी झाली, पाव झाली, सुटली. वॉकर गेला, काठी आली. बेकरीत आत्या रोज जाऊन बसायची, पण वहिनी काही जिना उतरायला तयार होईना. दोन्ही बाजूंना कठडे असूनही, पहिल्या पायरीशी आली की तिचे पाय जड व्हायचे. उद्या बघू, म्हणायची. इस्पितळात जायचं तर थोरला आणि त्यासाठी मुद्दाम आलेली धाकटी दोघं दोन बाजूंनी धरून न्यायचे. कोणी आग्रह केला नाही. आत्याने तर मुळीच नाही. भीतीला किती वेळ लागतो ते तिला माहीत होतं.

वर्ष होत आलं. पुढच्या सलाईनची वेळ जवळ आली होती, आणि त्याच सुमारास एका दुपारी बेकरीत आत्या पडली.

शीतकपाटातून गळलेलं पाणी फरशीवर पसरलं होतं. तिला ते दिसलं, पण पाय आधीच पडला होता. ती मागे बसली ती धप्पकन. मैद्याचं घमेलं उपडं झालं, कामगार धावले, थोरला पांढराफटक पडला. "हलवू नका, कोणी हलवू नका," तो म्हणत राहिला. आत्या फरशीवर बसली होती, मैद्याने माखलेली, आणि कुठून कळ येते याची वाट बघत होती. कळ आली ती बुडातून, जशी पडल्यावर यायला हवी तशी. पाठीतून ते जुनं कट्‌ काही आलं नाही.

तरी थोरल्याने तिला गाडीत घालून इस्पितळात नेलं. फोटो काढले. डॉक्टरांनी मागचे फोटो शेजारी लावून बघितले. जुने तीन मणके होते तसे होते. नवं काही मोडलं नव्हतं.

"मुका मार आहे. चार दिवस कण्हा," ते म्हणाले.

"औषधाने वाचले का मी?" आत्याने विचारलं.

"ते ठामपणे सांगता येत नाही. औषध असेल, व्यायामाने पाय बळकट झाले ते असेल, नशीबही असेल. तुम्ही आपले सगळ्यांचेच आभार माना, म्हणजे कोणी रुसणार नाही."

आत्याने मानले. आधी डॉक्टरांचे, मग बाहेर भेटलेल्या सिस्टरांचे. मग गाडीत बसताना थोरल्याचे. तो म्हणाला, "काहीतरीच काय, आत्या," आणि तिच्या सीटचा पट्टा लावून देताना त्याने उगाच जास्त वेळ लावला.

गाडी बेकरीपाशी थांबली तेव्हा दुकानात संध्याकाळची गर्दी होती, आणि गर्दीच्या पुढे, फुटपाथच्या कडेला, वहिनी उभी होती. आत्याला आधी होड्या दिसल्या. मग ती मान वर करत गेली.

"पाणी सांडलेलं दिसत नाही तुम्हाला?" वहिनीचा आवाज रस्ताभर गेला. "दिवसभर जमिनीकडेच तर बघत असता. नेमकं पाणीच कसं दिसलं नाही? आणि त्या शीतकपाटाशी काय काम होतं तुमचं? खुर्ची दिली आहे ना बसायला? वर मला कोणी काही सांगत नाही, नुसती पळापळ ऐकू येते. जीव मुठीत धरून बसायचं का मी?"

गिऱ्हाइकं थबकून बघत होती. या घरात आत्यावर कोणी कधी ओरडलं नव्हतं. कपाटावर कोण ओरडतं? ती गाडीच्या दाराला धरून उभी राहिली आणि सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एकही शब्द चुकू नये असं तिला वाटत होतं.

"काही मोडलं नाही, वहिनी," ती म्हणाली.

वहिनीचा श्वास मोकळा झाला. "खरंच?"

"खरंच. नुसतं बूड दुखतंय."

"दुखू दे," वहिनी म्हणाली आणि डोळे पुसले.

तेवढ्यात थोरल्याने विचारलं, "आई, तुला खाली कोणी आणलं?"

सगळ्यांनी दुकानातल्या सुनेकडे पाहिलं. सुनेने मान हलवली. ती तर गल्ल्यावरून उठलीच नव्हती. वहिनीने मागे वळून जिन्याकडे बघितलं, मग आपल्या रिकाम्या हातांकडे. काठी वरच राहिली होती.

"कोणी नाही," ती म्हणाली. "मला कळलंच नाही."